चार घरांचा शब्द

(जयपूरच्या रेल्वे कॉलनीतलं एक क्वार्टर. संक्रांतीची दुपार. अख्खं शहर गच्चीवर चढून पतंग काटतंय, कर्ण्यांवर गाणी फाटताहेत. या एका घराचं दार तेवढं आतून लावलेलं. दुर्गापुरा स्टेशनचे असिस्टंट स्टेशन मास्तर जनार्दन खुर्चीत बसलेत, एका हातात दगडी पाटी, दुसऱ्यात जुन्या हिरव्या झेंडीची काठी. कापड कधीच फाटून गेलं, पण घरात तिला अजून झेंडीच म्हणतात. समोर बारावीतली विनया आणि दहा वर्षांची मालन. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची आई, आनंदी.)

जनार्दन: ही तिसरी. हात मागं घेऊ नकोस. मालन, नीट बघ. तुझी ताई कुठलं अक्षर म्हणाली?

मालन: एस.

जनार्दन: आहे का पाटीवर एस?

मालन: नाही.

जनार्दन: नाही, म्हणून झेंडी. पाटीवर पाच रेघा, म्हणजे पाच घरांचा इंग्रजी शब्द. एकेक अक्षर सांगायचं. असलं तर मी ते त्याच्या घरात बसवणार. नसलं तर हात पुढं. सहा झेंड्या झाल्या की शब्द बुडाला. कळलं?

मालन: आमच्या शाळेत पण हे खेळतात, अण्णा. पण तिथं मॅडम फळ्यावर माणूस काढतात. चुकलं की डोकं, मग पोट, मग पाय, आणि मग त्याला फाशी.

जनार्दन: खडूचा माणूस मेला तर कुणाच्या बापाचं काय जातं? पुसला की झालं. हाताला लागलं म्हणजे अक्षर जन्मभर लक्षात राहतं. विनू, पुढचं बोल.

विनया: पहिली दोन घरं रिकामी. मग ओ, आर, डी. तलवार, म्हणजे सोर्ड नाही, एस गेला. मग... सी.

जनार्दन: सी नाही. हात.

आनंदी: अहो, जरा बेतानं. काठी कातड्यात रुतायलीय.

जनार्दन: रुतू दे. चौथी. तू आत जा आणि रेडिओ मोठा कर.

आनंदी: रेडिओ कशाला हवाय आज? गच्चीवरचे कर्णे हायत की. इथं कुणाला जिवंत गाडलं तरी कुणाला ऐकू जायचं न्हाई.

विनया: एफ.

जनार्दन: हां! पहिल्या घरात एफ. आता?

विनया: जे. फ्योर्ड.

जनार्दन: शाब्बास. मालन, हे काय असतं सांगू? नॉर्वे म्हणून देश आहे. तिथं समुद्र डोंगराच्या फटीत घुसतो. त्या खाडीचं नाव.

विनया: जयपूरला समुद्र नाही, अण्णा.

जनार्दन: जगात आहे. जयपूर म्हणजे जग नव्हे. चार झेंड्या खाऊन का होईना, शब्द निघाला. आता तू ऊठ. मालन, ये. इथं बस, ताईच्या जागी.

मालन: मला छतावर जायचंय. माथुर आंटींच्या पिंकीनं मांज्याची चरखी धरायला बोलावलंय. मतलब, तिनं प्रॉमिस केलंय.

जनार्दन: पतंग वर्षभर उडतात. तुझ्या ताईची पाटी मी दहाव्या वर्षी, संक्रांतीच्या दिवशीच सुरू केली होती. तुझीही आजच.

आनंदी: पाटी दसऱ्याला पुजतात. संक्रांतीला तिळगूळ देतात लेकरांच्या हातावर.

जनार्दन: तुला विचारलं का कुणी? हात पुढं कर, मालन. आधी हात बघू, सरळ राहतो का. बोटं उघड. तीन घरं घालतो. सोपा शब्द आहे.

विनया: तिला नाही.

जनार्दन: काय?

विनया: मालनच्या हातावर झेंडी पडणार नाही.

जनार्दन: तुला कंठ फुटला म्हणायचा. गेल्या वर्षी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या स्पेलिंग स्पर्धेत, स्टेजवर, नव्हता तो. अख्खा डिव्हिजन बसलेला, साहेबांच्या बायका बसलेल्या, आणि माझी पोरगी शब्द येत असून तोंड शिवून उभी! नाक कापलंस माझं.

विनया: मी मुद्दाम गप्प उभी राहिले होते.

जनार्दन: ठाऊक आहे. घरी येऊन त्याचा हिशेब झाला होता.

विनया: झाला होता. ही करंगळी बघा. अजून सरळ होत नाही. डॉक्टरांना आईनं सांगितलं, झोपाळ्यावरून पडली.

आनंदी: मग काय सांगायचं होतं मी? तूच सांग.

विनया: मी तुला काही म्हणत नाही, आई. अण्णा, तुमचाच एक नियम आहे. एकही झेंडी न खाता शब्द सोडवला, तर पाटी आणि झेंडी समोरच्याच्या हातात. तो शब्द घालणार, तुम्ही ओळखणार. बरोबर?

जनार्दन: बरोबर. नियम मीच केलाय. पण इतक्या वर्षांत जमलंय का तुला एकदा तरी?

विनया: आज द्या एक शब्द. जमलं, तर मी तुम्हाला घालीन. तुमचा शब्द सहा झेंड्यांत बुडाला, तर मालन या पाटीपुढं कधी बसणार नाही.

जनार्दन: आणि नाही बुडाला तर?

विनया: तर पुढच्या महिन्यात मी इन्स्टिट्यूटच्या स्टेजवर उभी राहीन, आणि बोलेन. कप आणून तुमच्या टेबलावर ठेवीन. आणि मालनला तुम्ही शिकवाल तेव्हा मी शेजारी बसून तोंड उघडणार नाही.

आनंदी: विनू, अगं लेकराला डावावर लावतीस व्हय?

विनया: ती लागलेलीच आहे, आई. मी सोडवायला बघतेय.

जनार्दन: मंजूर. रेल्वेचा माणूस आहे मी. एकदा लाइन क्लिअर दिला की गाडी अडवत नाही. हा घे. पाच घरं.

विनया: पाच.

जनार्दन: बोल. ई म्हणतेस की ए?

विनया: वाय.

जनार्दन: ...कुठून आला तुझा वाय?

विनया: आहे की नाही तेवढं सांगा.

जनार्दन: आहे. तिसऱ्या घरात.

विनया: आर.

जनार्दन: दुसऱ्या घरात.

विनया: टी.

जनार्दन: शेवटच्या घरात.

विनया: शेवटच्याच? पहिल्या घरात नाही ना?

जनार्दन: नाही म्हटलं ना!

विनया: मग पी. आणि सी. क्रिप्ट. चर्चच्या खालचं तळघर. मेलेली माणसं ठेवतात तिथं.

मालन: दीदी! एकपण झेंडी नाही पडली!

जनार्दन: वायपासून कुणी सुरुवात करतं का? नशीब आहे हे.

विनया: नशीब नाही. तुम्हाला कुणासमोर मिरवायचं असलं की तुम्ही ए, ई, आय, ओ, यू एकही नसलेला शब्द घालता. इन्स्टिट्यूटचे साठेकाका आले होते तेव्हा घातला होतात. आत्याचे यजमान आले होते तेव्हाही. आज मालन बघतेय. मी शब्द पाठ नाही केले, अण्णा. तुम्हाला पाठ केलं.

जनार्दन: ...घे. पाटी घे.

विनया: झेंडीही.

आनंदी: अगं विनू, नको. बापावर हात उगारतीस? आज सणाचा दिवस हाय. पाच वाजता हळदीकुंकवाला बाया यायच्यात. रत्नप्रभाबाई येणार, महिला मंडळाच्या सगळ्या येणार. घरात हे असं...

जनार्दन: आनंदी, तू बाजूला हो. नियम आहे. बघ रे देवा, पोरगी शब्द घालतेय बापाला! घाल. किती घरं?

विनया: चार.

जनार्दन: चार? बास? डिक्शनरीच्या ढिगातून हा उंदीर निघाला? अगं, पंधरा घरांचे शब्द मी चहा पिता पिता काढतो.

विनया: काढा की मग.

जनार्दन: ई.

विनया: नाही. हात.

जनार्दन: हा घे. ...ही काय झेंडी झाली? माशी मारतेस? मारायची तर मार. मी तुला अशी मारली का कधी?

विनया: ए म्हणा, आय म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

जनार्दन: ए.

विनया: नाही.

आनंदी: आई गं!

जनार्दन: हां. ही खरी. बघितलंस मालन, ताईला जमतंय. आय.

विनया: आहे. दुसऱ्या घरात.

जनार्दन: एल.

विनया: आहे. तिसऱ्या घरात. आणि चौथ्या.

जनार्दन: म्हणजे एकच घर उरलं, आणि चार झेंड्या हातात आहेत. संपला तुझा डाव, विनू. पहिलीच्या पुस्तकातला शब्द आहे हा. जॅक अँड जिल वेंट अप द... एच!

विनया: नाही. हात.

जनार्दन: डोंगर नाही? स्स्... बी. दुकानदाराचं बिल.

विनया: नाही.

जनार्दन: हळू! ...नाही, हळू नको. मार. चार झाल्या. थांब, जरा विचार करू दे.

विनया: करा विचार. तुम्हीच सांगता ना, लांब शब्दाला घाबरायचं नाही, त्याच्या अंगावर खुणा फार असतात. आखूड शब्दाला घाबरायचं. हे बारा भावंडांचं घर आहे, अण्णा. सगळी एकाच तोंडवळ्याची, फक्त पहिलं अक्षर निराळं. दारातून कुठलं आत गेलं, सांगा.

जनार्दन: अस्सं. मोठं कुटुंब निवडलंस.

विनया: तुम्हीच पाठ करून घेतलंत. दोन रात्री उभं ठेवून.

जनार्दन: के.

आनंदी: काय झालं? काय म्हणाले ते?

विनया: ते म्हणाले, मारून टाकणे. नाही, अण्णा. तो शब्द आला होता मनात. पण तो तुम्ही लगेच ओळखला असता. हात.

जनार्दन: ...पाच.

विनया: शेवटची संधी.

जनार्दन: डब्ल्यू.

विनया: नाही. सहा. शब्द बुडाला. आई, ऐकलंस ना? मालन, तू साक्षीला आहेस. तुझी पाटी कधी सुरू होणार नाही.

मालन: म्हणजे मी छतावर जाऊ?

आनंदी: जा गं बाई, जा लवकर. विनू, ठेव ती काठी. जिंकलीस, झालं. अहो, हात दाखवा. रक्त आलंय अंगठ्याला.

जनार्दन: कुणी हलायचं नाही. मालन, बस खाली.

विनया: तुम्ही हरलात, अण्णा.

जनार्दन: हरलो. मालन सुटली. दिलेला शब्द मी मोडत नाही. पण डाव संपला म्हणून घातलेला शब्द संपत नाही. शब्द अर्धा टाकून या घरातून कुणी उठलंय कधी? तुला मी उठू दिलं? ताप होता तेव्हा उठू दिलं?

विनया: नाही दिलंत.

जनार्दन: मग मी कसा उठू? एफ.

विनया: पुरे आता.

जनार्दन: एफ म्हटलं मी! आहे का?

विनया: नाही.

जनार्दन: मग मार. दया दाखवतेस? मला? तुझी दया नकोय मला. मार! ...हां. पी.

विनया: नाही.

जनार्दन: टी. जी.

विनया: एकेक म्हणा. टी नाही. ...जी नाही.

आनंदी: अगं, दंडावर कशाला? हातावर मार म्हणाले ना ते, हातावर. विनू! खांदा फुटंल त्यांचा!

जनार्दन: हातावर मार. नियम हाताचा आहे.

विनया: दहावीच्या निकालाच्या दिवशी तुम्ही हातावर मारलं होतं? इंग्रजीत दोन मार्क कमी पडले तेव्हा? पाठीवरचे वळ लपवायला मी भर मे महिन्यात गळाबंद झंपर घालून पेढे वाटत हिंडले कॉलनीत. बोला. पुढचं अक्षर.

जनार्दन: एस.

विनया: नाही!

जनार्दन: आ... डी.

विनया: नाही! आणि हे आईसाठी. तिनं रेडिओ मोठा केला त्या प्रत्येक वेळेसाठी.

आनंदी: माझ्यासाठी नको गं! माझ्या नावानं मारू नको कुणाला! सोड, सोड ती काठी...

विनया: बाजूला हो, आई. बोला, अण्णा. बोला ना! दात आवळून काय बसलात? पंधरा घरांचे शब्द काढता ना चहा पिता पिता?

जनार्दन: आर.

विनया: नाही! नाही! नाही!

मालन: दीदी!

विनया: काय गं?

मालन: दीदी, तू हसतेयस.

विनया: मी?

मालन: हां. अण्णा मारताना असंच हसतात. सेम टू सेम. मला तुझी भीती वाटतेय.

विनया: मी नाही गं हसले. आई, मी हसत होते?

आनंदी: ...व्हय, विनू. हसत हुतीस.

विनया: अरे देवा. घे. ही काठी घे माझ्या हातातून. माझी बोटं सुटत नाहीत. आई, ओढ ना.

आनंदी: दे. दे इकडं. चुलीत घालते मेलीला.

जनार्दन: थांब. अजून शब्द राहिलाय.

विनया: एकच अक्षर राहिलंय, अण्णा. अकरा भावंडं झाली तुमची बोलून. बारावं उरलं. दारात उभं आहे केव्हाचं. तुम्हाला ते पहिल्यापासून दिसतंय.

जनार्दन: दिसतंय.

विनया: मग म्हणा. ते म्हटलंत की झेंडी नाही. ते बरोबर आहे.

जनार्दन: नाही म्हणणार.

आनंदी: अहो, म्हणा की एकदाचं! काय अक्षर हाय असं, की त्याच्यापायी हात फोडून घेतला?

विनया: मी सांगते, आई. म्हणूनच घातला मी हा शब्द. मला ठाऊक होतं, अण्णा सगळी अक्षरं म्हणतील, हे एवढं म्हणणार नाहीत. गेल्या उन्हाळ्यात सोलापूरला आजीनं सांगितलं मला. मिल. गिरणी. संभाजीकाकांचा हात रुळाखाली नाही गेला.

मालन: पण अण्णांनीच सांगितलेलं ना, काकांचा हात मालगाडीनं तोडला?

विनया: गिरणीत गेला.

जनार्दन: आजीनं सांगायला नको होतं.

विनया: तुम्ही सांगायला हवं होतं.

जनार्दन: काय सांगू? वडलांची भाकरी घेऊन जायचो आम्ही दोघं दुपारची. मी मोठा. संभ्या माझ्या मागं मागं, शेपटासारखा. त्या दिवशी वडील जागेवर नव्हते. यंत्र गरगरत होतं, चमकत होतं, आणि पोर ते. वर पाटी होती. लाल. एवढी मोठी इंग्रजी अक्षरं. संभ्यानं विचारलं, दादा, काय लिहिलंय? मी म्हटलं, असेल कंपनीचं नाव.

आनंदी: इतक्या वर्षांत मला एका शब्दानं बोलला न्हाईत.

जनार्दन: त्यानं हात घातला. मनगटापासून गेला. आवाज कसला आला ते... ते राहू दे. मुकादम धावत आला आणि त्यानं कमरेचा पट्टा काढला. संभ्याला उचलायचं सोडून मला मारलं. पाटी दिसली नाही का रे, पाटी दिसली नाही का, एकेका शब्दाला एकेक पट्टा. दिसली होती, विनू. वाचता आली नाही.

विनया: अण्णा...

जनार्दन: आमच्या शाळेत इंग्रजी नव्हतंच. मी त्याच दिवशी ठरवलं, माझ्या पोरांना एक अक्षर असं असणार नाही जे त्यांना येत नाही. एकही नाही. दोन घरं रिकामी असली तरी ती भरता आली पाहिजेत. पाटी अर्धी पुसली असली, काजळलेली असली, तरी वाचता आली पाहिजे.

विनया: मग आम्हाला वाचायला शिकवायचं होतं. मुकादम कशाला आणलात घरी?

जनार्दन: मुकादम?

विनया: पट्टा त्याचाच आहे, अण्णा. फक्त तुम्ही त्याला झेंडी म्हणता. संभाजीकाकांना उचलायचं सोडून त्यानं तुम्हाला मारलं. तुम्हीही मला कधी उचललं नाहीत. आणि आज तो मुकादम माझ्या हातात आला होता. मालननं सांगितलं नसतं, तर मी थांबले नसते. माझी मला चीड येतेय. तुमची येते त्याहून जास्त.

जनार्दन: तू थांबलीस तरी. मला कुणी सांगितलं नाही कधी, मी हसतो म्हणून.

आनंदी: सांगणार कोण? मी? मी रेडिओ मोठा करीत होते.

जनार्दन: ...एम.

विनया: काय म्हणालात?

जनार्दन: एम. लिही पाटीवर. शब्द अर्धा ठेवू नकोस.

विनया: लिहिला. हात खाली घ्या, अण्णा. हे अक्षर बरोबर आहे.

जनार्दन: खाली होत नाहीय. आखडलाय.

आनंदी: द्या इकडं. हळदीकुंकवासाठी हळद काढून ठेवलीय वाटीत, तीच लावते. विनू, तुझाही दे. कसे सुजलेत बघा दोघांचे, एका मापाचे. बाप-लेकीचे हात म्हणून कुणी वेगळं सांगायला नको.

विनया: माझा राहू दे. त्यांना आधी.

आनंदी: गप बस. इतकी वर्सं राहूच दिला. झोंबंल जरा, सोसा. बाया आल्या की मी काय सांगणार हाय ते आताच ऐकून ठेवा. झोपाळा न्हाई, मोरी न्हाई, जिना न्हाई. विचारलं तर खरं सांगणार.

जनार्दन: रत्नप्रभाबाईंना? अगं, उद्या सगळ्या मंडळात होईल.

आनंदी: होऊ दे.

जनार्दन: ...बरं.

विनया: मी पुढच्या महिन्यात स्टेजवर उभी राहणार नाही, अण्णा. हे आत्ताच सांगते. आणि तुम्हाला मी माफ केलं असंही समजू नका. सहज होणारं नाही ते.

जनार्दन: नको करूस. मी मुकादमाला केलं नाही अजून.

मालन: अण्णा, ही पाटी मी घेऊ?

विनया: मालन, तुला आता पाटी नाही म्हटलं ना. जा तू गच्चीवर. पिंकी वाट बघत असेल.

मालन: जाते ना. पण मला एक शब्द येतो. एकच घालते. अण्णांना.

आनंदी: आत्ता नको गं सोन्या. दमलेत ते.

जनार्दन: घालू दे तिला. किती घरं, मालन?

मालन: तीन.

जनार्दन: तीन. ...ई.

मालन: नाही.

जनार्दन: बरं.

मालन: हात कशाला पुढं करता, अण्णा? दुसरं अक्षर सांगा ना.